सत्तेचाळीस टक्के का चालले?

प्रश्न: ताई, मी इतिहास विषय घेऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. या सत्रात ‘संगणकीय विचार आणि वेब डिझाइनची ओळख’ हा जोडविषय घेतला. पहिल्या अर्ध्या भागात सगळं कागदावर होतं: मोठं काम लहान तुकड्यांत फोडायचं, फ्लोचार्ट काढायचे, याद्या क्रमाने लावायच्या, क्रमाने लावलेल्या यादीत मधूनच शोध सुरू करायचा. ते आवडलं, मार्कही चांगले पडले. मग एचटीएमएल (वेब पानाचा मजकूर आणि रचना लिहायची भाषा) आणि सीएसएस (ते पान दिसावं कसं, हे सांगायची भाषा) सुरू झालं आणि जणू विषयच बदलला. मी वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदींची चार पानांची वेबसाइट केली. प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड, एका ओळीत दोन कार्डं. दोन्हींना ५० टक्के रुंदी दिली तर दुसरं कार्ड खाली घसरायचं. ४९ केलं, ४८ केलं, तेच. ४७ वर जमलं. का जमलं, माहीत नाही. फोनवर उघडलं तर पुन्हा घसरलं. पुस्तकांचे काही फोटो माझ्या कॉम्प्युटरवर दिसतात, अपलोड केल्यावर गायब होतात. वरचा मेनू तर मी मैत्रिणीच्या कोडमधून उचललाय. आता सरांनी ‘मी काय शिकले’ यावर मनोगत मागितलंय. मी लिहिलं, ‘या विषयामुळे माझ्या तर्कशुद्ध विचारांचा विकास झाला’, आणि ते वाक्य माझं मलाच खोटं वाटलं. मी खरंच काही शिकले का? मेनूचं सांगू का? आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीने हे पुढे शिकण्यात काही अर्थ आहे का? फाइली सोबत पाठवते आहे.

उत्तर:

प्रिय विद्यार्थिनी,

ते वाक्य खोडून टाक. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण ते कुठल्याही विषयाच्या, कुठल्याही विद्यार्थ्याच्या मनोगतात जसंच्या तसं बसेल, म्हणून ते तुझं नाही. तुझं वाक्य तुझ्या पत्रातच आहे: ‘४७ वर जमलं. का जमलं, माहीत नाही.’ तुझं मनोगत इथून सुरू व्हायला हवं. म्हणून तुझ्या तीनही प्रश्नांकडे वळण्याआधी आपण या ४७ चा छडा लावू.

तुझी सीएसएस फाइल मी पाहिली. कार्डं ज्या चौकटीत आहेत तिची रुंदी ८०० पिक्सेलपेक्षा जास्त होणार नाही असं तू लिहिलं आहेस. प्रत्येक कार्डाला चारही बाजूंनी १० पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कड यांच्यामधली मोकळी जागा) आहे आणि १ पिक्सेलची बॉर्डर. आता ८०० चे ५० टक्के म्हणजे ४००. पण सीएसएसमध्ये तू काही वेगळं सांगितलं नाहीस तर रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर त्यावर वेगळी चढते. डावीकडे ११, उजवीकडे ११, म्हणजे कार्ड झालं ४२२ चं. दोन कार्डं ८४४. चौकट ८०० ची. दुसऱ्या कार्डाला जागाच नव्हती, म्हणून ब्राउझरने ते खालच्या ओळीत नेलं. ४९ टक्के केल्यावर एक कार्ड ४१४, दोन मिळून ८२८. ४८ टक्क्यांना ८१२. आणि ४७ टक्क्यांना? ३७६ अधिक २२, म्हणजे ३९८. दोन कार्डं ७९६. बसली.

आता फोन. तिथे चौकट आक्रसून, समज, ४०० पिक्सेलची झाली. तिचे ४७ टक्के म्हणजे १८८, त्यावर तेच २२, एकूण २१०. दोन कार्डं ४२०. पुन्हा घसरली. टक्केवारी चौकटीबरोबर लहान होते, पॅडिंग आणि बॉर्डर मात्र होती तेवढीच राहते. म्हणजे तुझं ४७ हे उत्तर बरोबर होतं, पण साधारण ८०० च्या चौकटीपुरतं.

हे बेरीज-वजाबाकीचं गणित आहे, तुला सहज येणारं. तरीही ते त्या वेळी सुचलं नाही, याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. कागदावर यादीत शोध घेण्याची कृती लिहिताना तुझ्या सरांनी नक्की विचारलं असेल: यादी रिकामी असेल तर? शोधायचं नाव यादीत नसेलच तर? म्हणजे कृती एका उदाहरणावर चालली एवढ्यावर तिथे कुणी थांबत नाही, ती येईल त्या उदाहरणावर चालली पाहिजे. वेब पानाच्या बाबतीत हीच अट लागू आहे, फक्त ‘येईल ते उदाहरण’ म्हणजे समोरच्या पडद्याची रुंदी. कुणाचा फोन अरुंद, कुणाचा पडदा रुंद, कुणी अक्षरं मोठी करून वाचणारं. ४७ टाकणं म्हणजे एका यादीचं उत्तर पाठ करणं. सीएसएसमध्ये ‘बॉक्स-सायझिंग’ नावाची प्रॉपर्टी आहे. तिला ‘बॉर्डर-बॉक्स’ ही किंमत दिलीस की पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आतच मोजली जाते आणि ५० टक्के म्हणजे कुठल्याही पडद्यावर खरोखर अर्धं होतं. (मार्जिन, म्हणजे बॉर्डरबाहेरची मोकळी जागा, मात्र तेव्हाही बाहेरच राहतं, ते हिशेबात वेगळं धरावं लागतं.) ही एक ओळ म्हणजे सगळ्या रुंदींसाठी लिहिलेली कृती. तुला दुसऱ्या अर्ध्यात विषय बदलल्यासारखा वाटला, पण तू जे कागदावर शिकलीस त्याचीच परीक्षा या कार्डांनी घेतली.

तू इतिहासाची आहेस म्हणून एक गोष्ट सांगते. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाली. रुंदी म्हणजे फक्त मजकुराची रुंदी, हे तेव्हाच ठरलं होतं. पण इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आत धरली जायची. त्यामुळे एकच पान दोन ब्राउझरांत दोन मापांचं दिसायचं, आणि त्या काळात वेबसाइट करणाऱ्या पुष्कळ लोकांची डोकेदुखी या एका फरकातून आली. पुढे त्या ब्राउझरने प्रमाण मानलं. गंमत अशी की तो ज्या पद्धतीने मोजायचा ती पद्धत अनेकांना जास्त सोयीची वाटत होती, आणि ‘बॉक्स-सायझिंग’मुळे ती आता हवी तेव्हा निवडता येते. म्हणजे तू जिथे अडखळलीस ती जागा तुझ्या बुद्धीतली उणीव नाही. नियम असाही असू शकला असता, तसाही. आणि कुणाच्या तरी निर्णयाने तो असा झाला. नियमामागे निर्णय असतो आणि निर्णयामागे माणसं असतात, हे तुला तुझ्या मुख्य विषयाने आधीच शिकवलेलं आहे.

फोटोंचं आता पटकन सांगते. जे फोटो दिसतात आणि जे दिसत नाहीत, त्यांच्या फाइलींची नावं एकाखाली एक लिहून बघ. मी बघितली. न दिसणारे सगळे कॅमेऱ्यातून थेट आलेले आहेत. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत आहे आणि तुझ्या एचटीएमएलमध्ये स्मॉल. विंडोज आणि मॅक सहसा हा फरक मानत नाहीत, म्हणून तुझ्याकडे फोटो दिसतात. वेब सर्व्हर बहुतेक ठिकाणी लिनक्सवर चालतात आणि तिथे कॅपिटल नाव वेगळं, स्मॉल नाव वेगळं. सगळी नावं स्मॉल अक्षरांत कर, मध्ये मोकळी जागा सोडू नकोस, आणि पुन्हा अपलोड कर. यात लक्षात ठेवण्यासारखं नावांपेक्षा शोधण्याची रीत आहे: ‘काही दिसतात, काही नाहीत’ असं असेल तर दोन्ही गट शेजारी ठेवून फरक शोधायचा. दोन बखरी एकाच प्रसंगाबद्दल वेगवेगळं सांगत असतील तर तू हेच करतेस.

दुसरा अर्धा भाग तुला परका का वाटला, याचं आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. कागदावरची कृती चुकली तर सर लाल खूण करतात. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चुकलीस तर सहसा प्रोग्रॅम थांबतो आणि अमुक ओळीत चूक आहे असं सांगतो. एचटीएमएल आणि सीएसएस तसं करत नाहीत. टॅग (पानाचा एखादा भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगणारी खूण) बंद करायचा राहिला तरी ब्राउझर काहीतरी अर्थ लावून पान दाखवतोच. चुकीचा एचटीएमएल कसा वाचायचा याचे सविस्तर नियमच एचटीएमएल५ मध्ये घालून दिलेले आहेत. सीएसएसमध्ये न समजलेली गोष्ट ब्राउझर गुपचूप वगळतो. वेबच्या दृष्टीने हा मोठा सद्गुण आहे, कारण त्यामुळेच पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची पानं आजही उघडतात. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे अवघड असतं. चूक झाल्याचं कुणी सांगतच नाही, फक्त पान मनासारखं दिसत नाही.

तुझ्याच फाइलीतलं उदाहरण घे. मुख्य शीर्षकाला तू गडद निळा रंग दिला आहेस आणि त्याखालच्या ओळीत अक्षरांचा आकार. रंगाच्या ओळीनंतर सेमीकोलन राहिला आहे. त्यामुळे ब्राउझर दोन्ही ओळी मिळून एकच सूचना समजतो, तिचा अर्थ लागत नाही म्हणून ती सोडून देतो, आणि परिणाम असा की रंगही लागू होत नाही आणि आकारही. तू त्यावर उपाय म्हणून एचटीएमएलमध्ये शीर्षकालाच वेगळा रंग लिहिलास आणि पुढे गेलीस. मूळ चूक अजून तिथेच आहे.

ब्राउझर आपण होऊन बोलत नसला तरी विचारलं तर सगळं सांगतो. पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघड. कुठल्याही भागावर बोट ठेवलंस की त्याला लागू असलेले नियम दिसतात. न समजलेल्या सूचनेवर काट आणि इशाऱ्याची खूण असते. एखादी सूचना दुसऱ्या नियमाने झाकली गेली असेल तर तिच्यावरही काट असते, पण इशाऱ्याची खूण नसते. हा फरक लवकर ओळखायला शीक. तिथेच एकात एक चार चौकटींचं चित्र असतं: आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर, मग मार्जिन, प्रत्येकाची पिक्सेलमधली मापं लिहिलेली. ते चित्र त्या दिवशी उघडलं असतं तर ४२२ हा आकडा तुला समोर दिसला असता. माझ्या मते वेब डिझाइनच्या पहिल्याच तासाला ही खिडकी उघडून दाखवायला हवी. तुमच्याकडे ती शेवटी दाखवली की दाखवलीच नाही, ते पत्रातून कळलं नाही, पण अजूनही वेळ गेलेली नाही.

आणि समजा बिघाड कुठे आहे याचा काहीच अंदाज येत नसेल, तर? तुझी सीएसएस फाइल साधारण २४० ओळींची आहे. खालची अर्धी फाइल कॉमेंटमध्ये टाक, म्हणजे ब्राउझर ती वाचणार नाही, आणि पान रिफ्रेश कर. बिघाड गेला तर तो खालच्या अर्ध्यात होता, राहिला तर वरच्या. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. महिरपी कंस मध्येच तुटणार नाहीत एवढं बघ, आणि फाइलीत आधीच असलेल्या कॉमेंट मध्ये येत असतील तर त्या काढून ठेव. आठ वेळा अर्धं केलंस की २५६ ओळींपैकी एक ओळ हाती लागते, मग २४० ची काय कथा. हीच ती यादीच्या मध्यावरून शोध घेण्याची रीत, जिच्यात तुला चांगले मार्क पडले. दोन चुका एकमेकींत गुंतलेल्या असतील तर ही रीत थोडी फसवते, तेव्हा एक चूक सापडली म्हणून थांबू नकोस. पण एकेक ओळ वरून खाली न्याहाळत संध्याकाळ घालवण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

तू विचारलं आहेस, मी खरंच काही शिकले का. तुझ्या फाइलींकडे बघून उत्तर देते. यादीच्या पानावर बारा कार्डं आहेत. पहिल्या पाच कार्डांमध्ये तू रंग, बॉर्डर, अक्षरांचा आकार प्रत्येक कार्डाच्या टॅगमध्येच लिहिला आहेस, पाचही ठिकाणी तोच मजकूर. सहाव्या कार्डापासून ते सगळं नाहीसं होतं आणि ‘कार्ड’ नावाचा एक क्लास, म्हणजे सारख्या भागांना दिलेलं एक नाव, दिसू लागतो, ज्याचे नियम सीएसएस फाइलीत एकदाच लिहिलेले आहेत. पाचव्या आणि सहाव्या कार्डाच्या मध्ये तुझ्या डोक्यात काहीतरी घडलं. पाच ठिकाणी तेच तेच लिहिताना तुला पुनरावृत्ती दिसली असेल, किंवा रंग बदलायचा म्हणून पाच ठिकाणी हात घालावा लागला असेल. पुस्तकं वेगळी, लेखक वेगळे, नोंदी वेगळ्या, पण ‘कार्ड असणं’ ही गोष्ट सगळ्यांत एक, ती बाजूला काढून तिला नाव देता येतं, हे तू स्वतः शोधलंस. पहिल्या अर्ध्यात याला अमूर्तीकरण म्हणत असतील आणि परीक्षेत त्याची व्याख्या लिहून तुला मार्क मिळाले असतील. शिकलीस तू सहाव्या कार्डापाशी. पहिली पाच कार्डं अजून दुरुस्त केली नाहीस, ती आता कर; पण त्याआधीची फाइल जपून ठेव, मनोगताला तिचा उपयोग होईल.

याच अंगाने एक तपासणी सुचवते. सीएसएस फाइलीची लिंक थोडा वेळ काढून टाक आणि उघडं पान वाच. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि त्यानंतर पहिली वेबसाइट केली, तेव्हा सीएसएस नव्हतंच. मजकूर, शीर्षकं आणि लिंक एवढ्यावर ती पानं उभी होती. दिसण्याचे नियम वेगळे लिहावेत ही सीएसएसची सूचना होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. तुझं पान सीएसएसशिवाय वाचल्यावर शीर्षक कुठलं, यादी कुठली, मेनू कुठला हे कळत असेल तर रचना पक्की आहे. तुझ्या पानावर पुस्तकांची नावं शीर्षकाच्या टॅगमध्ये नाहीत, साध्या परिच्छेदात ठळक करून लिहिली आहेत. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने वेब वापरणारे दृष्टिहीन वाचक शीर्षकांवरून उड्या घेत पान चाळतात, आणि त्यांच्यासाठी तुझ्या बारा पुस्तकांपैकी एकही सापडण्याजोगं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फोटोंना ‘आल्ट’ मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द, तेही नाहीत, तेही घाल. पानाच्या सुरुवातीला भाषा इंग्रजी लिहिलेली आहे, ती मराठी कर, नाहीतर ते सॉफ्टवेअर मराठी मजकूर इंग्रजीच्या उच्चारांनी वाचायला जाईल. नोंदींची फिकट राखाडी अक्षरंही गडद कर: सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगभेद किमान ४.५ ला १ असावा, तुझा तेवढा भरत नाही. आणि शीर्षकातल्या अक्षरांमध्ये जे अंतर वाढवलं आहेस ते काढून टाक. रोमन अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. त्यापेक्षा दोन ओळींमधलं अंतर वाढव, वरच्या-खालच्या मात्रांना जागा मिळेल.

आता मेनू. सांग. पण अपराध कबूल करतेस अशा सुरात सांगू नकोस, कारण दुसऱ्याचं पान उघडून ‘व्ह्यू सोर्स’ करणं, म्हणजे त्यामागचा कोड बघणं, आणि त्यातून शिकणं हा वेबचा जुना रिवाज आहे. वेबची एक पिढीच्या पिढी अशी शिकली. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्रज्ञान सगळ्यांना विनामूल्य वापरायला खुलं केलं, त्या मोकळेपणाचंच हे रूप. तुझ्या बाबतीत प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. मैत्रिणीला विचारून घेतलास का, आणि अभ्यासक्रमाच्या नियमांत असं घेणं बसतं का, हा एक. तो सरांना सरळ विचारून सुटेल. मनोगत देण्याआधी विचार, नंतर नको. दुसरा प्रश्न तो मेनू तुला कळला का. त्यासाठी त्याच्या सीएसएसमधली एकेक ओळ काढून बघ, पण काढण्याआधी वहीत लिही: ही ओळ गेली तर काय होईल असं मला वाटतं. मग काढ, रिफ्रेश कर, बघ. अंदाज बरोबर आला तर ती ओळ तुझी झाली. चुकला तर थांब आणि का चुकला ते शोध. मी त्या मेनूत बघितलं तर निम्म्या ओळी तुझ्या पानाला लागतच नाहीत. तुझ्या मैत्रिणीच्या मेनूत उपमेनू होते, तुझ्यात नाहीत. त्या ओळी कुठल्या हे तुला सांगता आलं, तर तो मेनू कुठून आला याचं मग मला फारसं काही वाटणार नाही. हल्ली कोड लिहून देणारी साधनं आहेत, त्यांच्याकडून घेतलेल्या ओळींनाही हेच लागू.

ही अंदाज लिहून ठेवायची सवय मात्र आजपासून लाव. तू ४९, ४८, ४७ केलंस तेव्हा काय होईल याचा अंदाज न करता आकडे फिरवत होतीस, म्हणून जमल्यावरही हाती काही लागलं नाही. प्रत्येक बदलाआधी अर्धं वाक्य लिहिलं असतंस, ‘एक टक्का कमी केला तर एका कार्डामागे ८ पिक्सेल मोकळे होतील’, तर दुसऱ्याच प्रयत्नात विचारलं असतंस की मग बसायला नेमके किती हवेत. गणितज्ञ आणि शिक्षणविचारक सेमूर पॅपर्ट यांनी सिंथिया सॉलोमन आणि वॉलेस फ्योर्झाइग यांच्याबरोबर १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. मुलं पडद्यावर कासव चालवून आकृत्या काढायची आणि त्या हमखास चुकायच्या. पॅपर्ट यांचा आग्रह असा होता की बरोबर की चूक एवढंच विचारून थांबू नये, हे दुरुस्त कसं करता येईल ते विचारावं. पण दुरुस्त करण्यासाठी आपल्याला काय वाटलं होतं हे आधी माहीत असावं लागतं, आणि डोक्यातला अंदाज निकाल बघताक्षणी बदलतो. ‘मला असंच वाटलं होतं’ असं मन लगेच सांगू लागतं. वहीतला अंदाज तसा बदलत नाही.

तर मनोगत. सगळ्या अभ्यासक्रमाचा आढावा घेऊ नकोस, सरांना अभ्यासक्रम माहीत आहे. दोन किंवा तीन जागा निवड आणि प्रत्येकीबद्दल सांग की तुला काय वाटत होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि आता काय वाटतं. उदाहरणार्थ, कार्डांबद्दल असं काहीतरी: ‘रुंदी ५० टक्के दिली की कार्ड अर्धी जागा घेईल असं मी धरून चालले होते. पॅडिंग वेगळं मोजलं जातं हे मला माहीत नव्हतं. मी आकडा कमी करत गेले आणि ४७ वर थांबले. फोनवर ते पुन्हा बिघडलं, तेव्हा कळलं की मी एका पडद्याचं उत्तर शोधलं होतं.’ ही माझी वाक्यं आहेत, ती वापरू नकोस. तुझ्या शब्दांत लिही आणि बेरीज स्वतः करून त्यात घाल. पाचव्या आणि सहाव्या कार्डाचं लिही, जुन्या फाइलीतल्या दोन ओळी दाखव. मेनूचं लिही. जे अजून कळलेलं नाही तेही लिही, पण ‘सीएसएस अवघड वाटलं’ असं मोघम नको. ‘एकाच भागाला दोन नियम लागू होतात तेव्हा कुठला जिंकतो हे मला अजून आधी सांगता येत नाही’ असं नेमकं. (हे मी तुझ्या फाइलीवरूनच म्हणते आहे. तिथे तीन ठिकाणी ‘इम्पॉर्टंट’, म्हणजे ‘हाच नियम जिंकू दे’ असा हुकूम, लिहून तू तो प्रश्न दडपला आहेस. आयडी (पानावरच्या एकाच भागाला दिलेलं नाव) क्लासला हरवतो, क्लास नुसत्या टॅगला, आणि दोघं सारख्या वजनाचे असले तर नंतर लिहिलेला जिंकतो: एवढ्यावर तुझे ते तीनही सुटतील.) ‘आवडलं’, ‘मजा आली’, ‘आत्मविश्वास वाढला’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तर येऊ देत, दुसऱ्यात त्यातले किती लागतात ते बघ. मार्कांची काळजी आहे हे मला समजतं. मनोगत वाचणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ४७ चा हिशेब विकासाच्या वाक्यापेक्षा जास्त आवडेल, असं मी मनापासून मानते.

शेवटचा प्रश्न, पुढे शिकू का. संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांनी २००६ मध्ये संगणकीय विचारावर एक लेख लिहिला. या विषयाची आज जी एवढी चर्चा आहे तिला त्याने मोठी चालना दिली. ही संगणकशास्त्रज्ञांपुरती नाही, प्रत्येकाला लागणारी कुवत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं, पण म्हणून प्रत्येकाने वेबसाइट करत बसावं असं मी म्हणणार नाही. तुझ्यासाठी मात्र हो म्हणते, आणि कारण तुझ्या विषयातलं आहे. इतिहासात पुढे तुला नोंदींचे ढीग हाताळायचे आहेत: पत्रं, दस्तऐवज, सनावळ्या, एकाच व्यक्तीची चार प्रकारे लिहिलेली नावं. प्रत्येक नोंदीत कुठल्या गोष्टी समान, कुठल्या वेगळ्या, तारीख अंदाजे असेल तर ती कशी लिहायची, दोन साधनं जुळत नसतील तर दोन्ही कशी ठेवायची, हे ठरवणं म्हणजे त्या बारा कार्डांचंच मोठं काम आहे.

लगेच जावास्क्रिप्टकडे, म्हणजे पानाला हालचाल आणि प्रतिसाद देणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे, धावू नकोस. आधी हीच साइट नीट कर: बॉक्स-सायझिंग, फाइलींची नावं, शीर्षकं, ते तीन ‘इम्पॉर्टंट’. अरुंद पडद्यावर दोन कार्डं शेजारी दाटीवाटीने बसवण्यापेक्षा एकाखाली एक चांगली वाचता येतात. त्यासाठी मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलायची सीएसएसमधली सोय) शीक, दोन-तीन ओळींचं काम आहे. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर वापरून चारही पानं फिरून बघ आणि कुठे अडतं ते लिहून ठेव. त्यानंतर जावास्क्रिप्टचं पहिलं काम म्हणून यादीच्या पानावर शोधाची चौकट कर: वाचकाने लेखकाचं नाव टाइप केलं की त्याचीच पुस्तकं दिसावीत. कोड लिहिण्याआधी कागदावर कृती मांड. रिकामी चौकट असेल तर काय दाखवायचं, एकही पुस्तक जुळलं नाही तर काय, आणि लेखकाचं नाव अर्धंच टाइप केलं तर काय, हे आधी ठरव.